डुकराच्या बरगड्या धुरावर मऊ कशा शिजवायच्या: जुना ड्रम, मोसंबीचं लाकूड आणि पाच तासांची मंद आच

पहिल्यांदा बरगड्या केल्या त्या दिवशी मेहुण्याने एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि हाड ताटात ठेवत म्हणाला, "दाजी, मसाला जमलाय, पण हे दाताला तुटंना." खरंच होतं ते. वरून कोळसा आणि आतून चपलेच्या वादीसारखं चिवट. नेहमीच्या मटणासारखी दणदणीत आच लावून मी दीड तासात काम उरकलं होतं. त्यानंतरचे चार हिवाळे, जालना जिल्ह्यातल्या आमच्या शेतावर, मोसंबीच्या बागेला लागून असलेल्या बांधावर, मी हाच प्रकार पुन्हा पुन्हा करून पाहिला. आता दात लावला की मांस हाडावरून स्वच्छ सुटतं, पण हाड धरून उचललं तर गळून पडत नाही. मला मऊपणा एवढाच हवा असतो. तो कसा साधायचा, ते खरेदीपासून सांगतो.

आपल्या भागात हे मांस सगळ्या घरांत चालत नाही, हे धरूनच चालावं. धूर वाऱ्यासोबत शेजारी जातो, वासही जातो. गावात, गल्लीत करण्यापेक्षा शेतावर करा आणि जेवायला बोलावताना काय शिजतंय ते आधी सांगा. ज्यांना डुकराचं चालत नाही त्यांनी हीच सगळी पद्धत बोकडाच्या बरगड्यांना वापरावी. फक्त त्या पातळ असतात आणि त्यांवर चरबी कमी असते, म्हणून वेळ तासाभराने कमी धरावा आणि फॉइलमध्ये गुंडाळण्याची पायरी लवकर घ्यावी.

चिवटपणा नेमका कुठे असतो

बरगड्यांमधलं मांस जनावराच्या प्रत्येक श्वासाबरोबर हलतं. सतत राबणाऱ्या अशा भागात मांसाचे धागे बांधून ठेवणारी चिवट जाळी भरपूर असते. तिला कोलॅजन म्हणतात. आपण पाया शिजवतो, रात्रभर ठेवतो आणि सकाळी रस्सा जेलीसारखा थिजलेला दिसतो, तो याच कोलॅजनचा विरघळून झालेला जिलेटिन. बरगडीतही तेच घडवून आणायचं आहे, फरक एवढाच की इथे पातेलंभर पाणी नसतं.

कोलॅजन विरघळायला मांसाच्या आतलं तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं आणि तिथे ते बराच वेळ राहावं लागतं. डुकराचं अखंड मांस आतून ६३ अंशांना पोहोचून तीन मिनिटं मुरलं की खायला सुरक्षित मानतात, पण त्या अंशाला बरगडी चावली जात नाही. ती मऊ होते ९० ते ९५ अंशांच्या दरम्यान. आता भोवतालची आच २०० अंशांची असेल तर बाहेरचा भाग सुकून करपतो आणि आतली जाळी अजून तशीच असते. माझ्या पहिल्या बरगड्यांचं हेच झालं. म्हणून ड्रममधली हवा ११० ते १२० अंशांवर धरून ठेवायची, पाच-साडेपाच तास. हा लेख मुख्यतः ती आच धरून ठेवण्याबद्दलच आहे, कारण मसाला आणि लाकूड थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. आच हुकली तर काहीच वाचत नाही.

मांस घेताना

डुकराची बरगडी दोन ठिकाणची मिळते. पाठीच्या कण्याजवळची आखूड, वाकदार आणि कमी चरबीची. पोटाकडची लांब, सपाट, चरबीदार. धुरावर करायला मला पोटाकडची आवडते, कारण तिच्यातली चरबी हळूहळू पाझरत मांसाला कोरडं पडू देत नाही. एक पूर्ण पट्टी साधारण सव्वा ते पावणेदोन किलो भरते. जेवणारा भुकेला असेल तर एक पट्टी तिघांना पुरते.

आपल्याकडे कापणाऱ्याचा हात सवयीने सुऱ्याकडे जातो आणि बोलता बोलता बरगड्यांचे दोन-दोन इंचाचे तुकडे होतात. मी आता तराजूवर ठेवायच्या आधीच सांगतो, "मामा, पट्टी अख्खी ठेवा, हाड तोडू नका." तुकडे झाले की हे काम तिथेच संपलं, त्यांचा रस्सा करावा. अमेरिकेत पट्टीच्या टोकाची कुरकुरीत हाडं आणि लोंबणारी झालर काढून चौकोनी आकार देतात, त्याला सेंट लुईस कापणी म्हणतात. चौकोनी पट्टी सगळीकडे सारखी शिजते, एवढाच त्याचा फायदा. काढलेली झालर टाकू नका, तीही ड्रममध्ये ठेवा. अडीच तासांत शिजते आणि आगीपाशी बसलेल्यांना चाखायला होते.

जनावर कुठे वाढलं, हे विचारायला संकोच करू नका. बंदिस्त वराहपालनातलं, खाद्यावर वाढवलेलं जनावरच घ्यावं. मोकाट फिरणाऱ्या डुकरांच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी असू शकतात. कापलेल्या मांसात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके, अर्धपारदर्शक दाणे दिसले तर ते मांस तिथेच ठेवून परत या. पूर्ण शिजवल्यावर या गाठी मरतात, पण असं मांस घरात आणून हाताळायचंच कशाला? मोठ्या शहरांतल्या फ्रोझन मांसाच्या दुकानांत मिळणारी पट्टी घेतली तर ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस आणि एक रात्र ठेवून वितळवा. उघड्यावर, ओट्यावर नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर मुळीच नको.

लाकूड

यात मराठवाडा श्रीमंत आहे. माझी पहिली पसंती मोसंबीच्या लाकडाला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी डोळ्यांत पाणी आणून त्या तोडल्या. आमच्याही बागेचा एक तुकडा त्यात गेला. त्या खोडांचं लाकूड गोठ्याच्या पत्र्याखाली रचून ठेवलं होतं, वर्षानुवर्षं वाळलेलं. त्यावर पहिली पट्टी शिजली तेव्हा धुराला आलेला गोडसर, हलका वास मी विसरलेलो नाही. आता दरवर्षी छाटणीच्या जाड फांद्या जपून ठेवतो. पेरू आणि जांभूळही छान. चिंचेचं लाकूड कठीण, बराच वेळ जळतं आणि त्याचा धूर जरा भारदस्त असतो. आंब्याच्या चिकाने ज्यांच्या अंगावर फोड येतात, त्यांनी आंब्याचा धूर टाळलेला बरा.

आपल्या नाल्याकाठी आणि पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. टेक्सासमध्ये ज्या मेस्किटच्या लाकडावर मांस भाजतात, ती तिची जवळची नातलग. तिचा कोळसा फार चांगला, कडक आणि टिकणारा. पण ओंडका म्हणून धुरासाठी ती उग्र आहे. पाच तासांच्या धुरात मांसाला कडवटपणा येतो. म्हणून मी कोळसा वेड्या बाभळीचा आणि धुराचं लाकूड मोसंबीचं, अशी वाटणी ठेवतो.

काय वापरायचं नाही, ते ठाम सांगतो. कण्हेर अजिबात नाही, ती विषारी आहे. रुई नाही. कडुनिंब आणि निलगिरी नाही. देवदार किंवा पाइनसारखं राळेचं लाकूड नाही, म्हणजे पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्याही नाहीत. रंग दिलेलं, प्लायवुडचं, कीडनाशक पाजलेलं काही नाही. पऱ्हाट्या घरोघरी असतात, पण कपाशीवर किती फवारे बसतात ते आपल्याला माहीत आहे. त्यांचा धूर अन्नाला नको. आग पेटवायला तुराट्या घ्या, भुरकन पेटतात आणि पाच मिनिटांत राख होतात.

हुरड्याच्या आगटीवर वाढलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो: गोवऱ्या का नाही? गोवरीचा विस्तव मंद आणि एकसारखा असतो, हुरड्याला तो हवाच. पण हुरडा त्या विस्तवात थोडाच वेळ राहतो आणि कणसाच्या आवरणात राहतो. पाच तास उघडं मांस त्या धुरात ठेवलं तर धुराचीच चव येते, मांसाची नाही. करून पाहिलंय, म्हणून सांगतो.

लाकूड कमीत कमी सहा महिने सावलीत वाळलेलं असावं आणि त्याचे मुठीएवढे तुकडे करावेत. एका खेपेला असे चार-पाच तुकडे पुरतात. लाकूड पाण्यात भिजवून टाकायचा सल्ला बरेच लोक देतात. तो ऐकू नका. पाणी आत मुरत नाही, वरचंच उडून जाईपर्यंत लाकूड गुदमरतं आणि पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडतं.

ड्रम

विकतची झाकणाची गोल शेगडी असेल तर उत्तम. तिच्यात कोळसा एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला आणि मांसाखाली गरम पाण्याची परात ठेवून हेच करता येतं. मी २०० लिटरचा लोखंडी ड्रम वापरतो, कारण तो उंच असतो. विस्तव आणि जाळी यांच्यात जवळपास दोन फूट अंतर मिळतं आणि आच आपोआप सौम्य होते.

ड्रम खाद्यतेलाचा घ्या. रसायनाचा, फवारणीच्या औषधाचा, डिझेलचा घेऊ नका, कितीही धुतला तरी नाही. तेलाच्या ड्रमलाही आतून कधी कधी लेप असतो. त्यामुळे आधी त्यात तासभर मोठा जाळ करून आतलं सगळं जाळून काढा, मग तारेच्या ब्रशने घासा, धुवा, वाळवा आणि आतून गोडेतेलाचा हात फिरवून पुन्हा एकदा मंद आचेवर तापवा. आतून काळी, गुळगुळीत झिलई चढली की ड्रम तयार.

वेल्डिंगवाल्याकडून एवढी कामं करून घ्यायची. तळापासून दोन इंचांवर, चारही दिशांना पाऊण इंचाची चार भोकं. त्यांना सरकवायच्या पट्ट्या. कोळशासाठी जाळीची टोपली, जिला तीन इंचांचे पाय असतील, म्हणजे राख खाली पडेल आणि हवा खेळेल. मांसाची जाळी टेकवायला वरून सात-आठ इंच खाली चार बोल्ट. झाकणाला अर्ध्या इंचाची आठ भोकं. जाळीला आणि टोपलीला जस्ताचा मुलामा दिलेली तार वापरू नका. तापल्यावर जस्ताची वाफ निघते आणि ती छातीला वाईट. साधं लोखंड किंवा स्टेनलेस स्टील वापरा.

झाकणाजवळ नाही, मांसाच्या जाळीच्या उंचीवर डायलचा थर्मामीटर बसवा. आणि मांसात टोचायचा एक डिजिटल थर्मामीटर वेगळा घ्या. दोन्ही उकळत्या पाण्यात तपासून घ्यावेत. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंच असल्याने इथे पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या जरा वर उकळतं. तेवढा आकडा दिसला तर थर्मामीटर बरोबर आहे. माझा पहिला डायल १५ अंश कमी दाखवत होता आणि सबंध एक हिवाळा मी उगाच कोळशाला दोष देत होतो.

आदल्या रात्री

पट्टी उलटी करा. हाडांच्या बाजूला एक पातळ, चकचकीत पडदा घट्ट चिकटलेला असतो. तो शिजून मऊ होत नाही, कागदासारखा दातात येतो, आणि मसालाही आत जाऊ देत नाही. पट्टीच्या टोकाकडून दुसऱ्या-तिसऱ्या हाडावर, चमच्याच्या दांड्याने किंवा बोथट सुरीच्या टोकाने तो थोडा उचला, बोट जाईल एवढी फट करा. पडदा बुळबुळीत असतो, नुसत्या हातात राहत नाही. कोरड्या फडक्यात धरून एका दमात ओढायचा. चांगला निघाला तर सबंध पट्टीचा एकाच तुकड्यात निघतो. तुटला तर दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करा.

मग मीठ. वजनाच्या एक टक्का, म्हणजे दीड किलोच्या पट्टीला १५ ग्रॅम. दोन्ही बाजूंना सारखं भुरभुरून पट्टी ताटात, न झाकता, फ्रीजमध्ये रात्रभर. मीठ आधी पाणी बाहेर काढतं आणि काही तासांनी तेच पाणी मीठ घेऊन परत आत जातं. सकाळी पट्टीचा पृष्ठभाग कोरडा आणि किंचित चिकट लागतो.

सकाळी कोरडा मसाला. एका पट्टीला दोन मोठे चमचे गुळाची पावडर, एक मोठा चमचा लाल तिखट, एक मोठा चमचा घरचा काळा मसाला, अर्धा मोठा चमचा जाडसर कुटलेले मिरे, एक लहान चमचा सुंठ आणि एक लहान चमचा लसणाची पावडर. मिठाची भर घालायची नाही. काळा मसाला विकतचा असेल तर त्यात मीठ आहे का ते पाहा आणि रात्रीचं मीठ त्या बेताने कमी करा. आपल्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल आणि भाजलेलं खोबरं धुराशी फार सुंदर जुळतं. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या कोरड्या मसाल्याबद्दल मी बरंच वाचलं, करूनही पाहिला, पण माझ्या घरच्यांना हाच पसंत आहे. आलं-लसणाचं ओलं वाटण मात्र लावू नका. ओल्या लेपाखाली मांस वाफवतं आणि वरचा खरपूस पापुद्रा धरत नाही. बोटभर तेल चोळून त्यावर मसाला दाबून बसवा.

शिजवण्याचा दिवस

दुपारी दीडला जेवायचं असेल तर सात वाजता विस्तव. सबंध खेपेला तीन ते चार किलो कोळसा लागतो. पोत्यातला चुरा चाळून काढा, तो हवा अडवतो. टोपली न पेटलेल्या कोळशाने भरा, लाकडाचे तुकडे मधूनमधून पेरा आणि वर मधोमध फक्त दहा-बारा पेटते निखारे ठेवा. आग वरून खाली, हळूहळू उतरत जाते आणि पाच तास हात लावावा लागत नाही. सगळा कोळसा एकदम पेटवला तर तो ड्रम तुमचं ऐकणार नाही. रॉकेल टाकायचं नाही, वास शेवटपर्यंत राहतो.

खालची चारही भोकं उघडी ठेवून झाकण लावा. काटा ९० वर आला की दोन भोकं बंद. १०० वर आला की तिसरं अर्धं बंद. ११० ची वाट पाहत बसलात तर तो १४० ला जाऊन थांबेल, कारण पेटलेला कोळसा लगेच विझत नाही आणि खाली यायला अर्धा-पाऊण तास घेतो. वरची भोकं कायम उघडी. धूर आत कोंडला तर मांसावर काळपट, जिभेला चरचरणारा थर बसतो.

सुरुवातीला पांढरा, दाट धूर येईल. तेव्हा मांस ठेवायचं नाही. अर्ध्या तासाने तो विरळ होतो, निळसर होतो. झाकणावर हात फिरवला तरच आहे असं कळावं, इतका पातळ. वासही बदलतो, आधी डोळ्यांना झोंबणारा, मग गोडसर. हा फरक एकदा नाकाला कळला की थर्मामीटरइतकाच उपयोगी पडतो.

आठच्या सुमारास पट्टी जाळीवर, हाडांची बाजू खाली. खालून येणारी आच हाडं झेलतात. झाकण लावा आणि पुढचे दीड तास उघडू नका. आमच्याकडे मुलं दर दहा मिनिटांनी येतात, "बाबा, झालं का? बघू द्या ना." प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आतली गरम हवा निघून जाते आणि वर कोळशाला भसकन हवा मिळून तो भडकतो. त्या दोन्ही गोष्टी सावरायला वीस मिनिटं जातात. दीड तासानंतर, तासातून एकदा, पाण्यात थोडा लिंबाचा रस घालून हलका फवारा मारा. आपल्या हिवाळ्याची हवा कोरडी, कडा लवकर सुकतात. ओलसर पृष्ठभागावर धूरही चांगला धरतो.

दोन-अडीच तासांनी मांसातलं तापमान ६५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी अडकून बसेल. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. विस्तव कमी पडला असं वाटून मी पूर्वी इथेच भोकं उघडायचो. विस्तवाचा काही दोष नसतो. मांसाला घाम येत असतो, आणि माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने ते मांस तापायला तयार नसतं. इथे हात आवरा.

गुंडाळणं

तीन तास झाले, रंग गडद तांबूस झाला, नखाने हलकं खरवडल्यावर मसाला निघत नाही, म्हणजे गुंडाळायची वेळ झाली. जाड ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर घ्या, त्यात दोन मोठे चमचे पाणी आणि एक चमचा काकवी, वर पट्टी मांसाची बाजू खाली करून, आणि कुठूनही वाफ जाणार नाही असं घट्ट बांधा. घाम उडायचं थांबतं, तापमान चढायला लागतं आणि कोलॅजन भराभर विरघळतं.

यासाठी तीन-दोन-एक नावाचा हिशेब प्रसिद्ध आहे: तीन तास उघडं, दोन तास गुंडाळून, एक तास पुन्हा उघडं. मला त्यातले दोन तास जास्त वाटतात. मांस इतकं गळतं की हाड हातात आणि बाकी फॉइलमध्ये राहतं. १२० अंशांना सव्वा ते दीड तास पुरतो. पाठीकडची आखूड बरगडी असेल तर तास. गावरान, कमी चरबीच्या जनावराची असेल तर मात्र पावणेदोन तासही लागू शकतात.

फॉइल उघडताना वाफ तोंडावर येते, दूर धरून उघडा. आता तपासा. दोन हाडांच्या मधल्या मांसात, हाडाला न लागता, थर्मामीटर टोचा: ९० ते ९५. हाडांची टोकं बोटाच्या अर्ध्या पेराएवढी उघडी पडलेली दिसतील. पण माझा भरवसा वाकवण्यावर. चिमट्याने पट्टी एका टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर पकडून उचला. लोंबणारं टोक सहज खाली वाकलं आणि वरच्या पापुद्र्याला बारीक चिरा पडल्या तर झालं. फळीसारखी ताठ राहिली तर परत बांधून वीस मिनिटं.

काकवीचा हात

अर्धी वाटी काकवी, पाव वाटी चिंचेचा घट्ट कोळ, एक लहान चमचा तिखट, चिमूटभर मीठ. पाच मिनिटं मंद उकळून चमच्याला चिकटेल इतकं दाट करा. अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे असा गोड, दाट सॉस टोमॅटोचा करतात. आपल्याकडे हिवाळ्यात गुऱ्हाळं चालू असतात, ताजी काकवी मिळते आणि चिंच घरची. फॉइलमधून काढलेली पट्टी जाळीवर ठेवून ब्रशने पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी दुसरा. अर्ध्या तासात ती वार्निश दिल्यासारखी चमकते. फॉइलमधल्या चमचाभर काकवीचं ठीक, पण हा हात याच्या आधी द्यायचा नाही. पाच तास विस्तवावर राहिलेला असा दाट, गोड लेप काळा आणि कडू होतो.

उतरवून पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या. मग पट्टी उलटी ठेवा, हाडं दिसतात, त्यांच्या मधोमध लांब सुरीने कापा. कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसेल आणि कुणीतरी "कच्चं राहिलंय" म्हणेलच. धुरातले वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून ठेवतात, त्याचा तो रंग. आतलं तापमान तुम्ही मोजलेलं आहे, निर्धास्त वाढा. सोबत ज्वारीची गरम भाकरी, कच्चा कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. दुसरं काही लागत नाही.

सांभाळायच्या गोष्टी

ड्रम नेहमी उघड्यावर. शेडमध्ये, गोठ्यात, दार लावलेल्या खोलीत कधीच नाही. कोळशाच्या विस्तवातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. कडब्याच्या गंजीपासून आणि वाळल्या गवतापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून. शेजारी पाण्याची बादली. काम झालं की सगळी भोकं बंद करा, उरलेला कोळसा विझून पुढच्या खेपेला येतो. राख दुसऱ्या दिवशीही आत गरम असते, ती लगेच उकिरड्यावर टाकू नका. कच्च्या मांसाचं ताट आणि सुरी शिजलेल्याला लावू नका.

शहरात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ड्रम शक्य नाही. त्यांनी हाच मसाला लावून पट्टी फॉइलमध्ये घट्ट बांधावी, ओव्हनमध्ये १२० अंशांना तीन तास ठेवावी, मग उघडून काकवीचा हात देऊन १८० ला दहा मिनिटं. शेवटी मोठ्या पातेल्यात वाटीत लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप, झाकण, आणि खिडकी उघडी ठेवून पाच-सात मिनिटं धुंगार. धूर फक्त वरवर लागतो, आतपर्यंत मुरत नाही. पण मऊपणा तोच येतो, कारण तो धुराने येत नसतो.

उरलेल्या बरगड्या फ्रीजमध्ये तीन दिवस चांगल्या राहतात. पुन्हा तापवताना फॉइलमध्ये दोन चमचे पाणी घालून बांधा, नाहीतर कोरड्या पडतात. आणि खाऊन झालेली हाडं फेकायची नाहीत. आमच्याकडे ती रात्री पातेल्यात पडतात, कांदा आणि लसणाबरोबर तासभर उकळतात, गाळलेल्या पाण्याला येसर, म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ, लावून आमटी होते. मोसंबीच्या धुराचा वास त्या आमटीलाही येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी कुस्करून खायला मेहुणा त्यासाठीच मुक्कामाला थांबतो.